हौसेचं मोल

कोलोरॅडोत आम्ही राहतो त्या गल्लीच्या टोकाला सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ राहतात. त्यांच्या दारात १९८७ सालचा टोयोटाचा पिकअप उभा असतो. त्या काळी कंपनीने अमेरिकेत या ट्रकला वेगळं नावसुद्धा ठेवलं नव्हतं, 'पिकअप' एवढंच. मूळचा रंग कुठला होता हे आता फक्त दाराच्या आतल्या कडेवरून कळतं. एकदा त्यांनी बॉनेट उघडलं होतं तेव्हा मी डोकावलो. इंजिनाच्या दोन्ही बाजूंनी खालची जमीन दिसत होती.

मग ते माझा ट्रक बघायला आले. २०१९ सालचा टकोमा, म्हणजे त्यांच्याच ट्रकचा थेट वारस. बॉनेटखाली आधी दिसतं ते काळं प्लॅस्टिकचं झाकण. "यातलं तू स्वतः काय काय करतोस?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "काच पुसायचं पाणी भरतो." दोघंही हसलो. मला मात्र ते लागलं.

लागण्याचं कारण घरचं आहे. माझे वडील साताऱ्याला एसटीच्या आगारात मेकॅनिक होते. आमच्याकडे एक जुनी स्कूटर होती आणि दर दोन-चार रविवारांनी ती अंगणात वर्तमानपत्रावर उघडून पडलेली असायची. वस्तू आपली असणं म्हणजे ती उघडता येणं, असं माझ्या डोक्यात तेव्हाच बसलं असावं. मी इंजिनिअर झालो, पण हात काळे न होणारा. कोणत्या वापरकर्त्याला कशाची परवानगी आहे हे ठरवणारा कोड लिहिणं हे माझं पोटापाण्याचं काम. आणि ज्या वस्तूसाठी मी पाच वर्षांचं कर्ज काढलं होतं, तिच्यात मला पाणी भरण्याची परवानगी होती.

म्हणून मी ट्रक 'आपला' करायला घेतला. इथे ही मोठी हौस आहे. आधी हौद्यावर रॅक बसवला, मग जाड नक्षीचे टायर, मग मागे फिकट पिवळे कॅम्पिंगचे दिवे. शेवटी लेव्हलिंग किट. पिकअपचं नाक मुळात थोडं खाली असतं. हौद्यात माल भरला की मागचे पाटे दबतात आणि मग गाडी सपाट होते, असा त्यामागचा हिशोब. पण रिकाम्या गाडीला हे वाकलेलं नाक रुबाबदार दिसत नाही. म्हणून पुढच्या सस्पेन्शनवर अल्युमिनियमच्या जाड चकत्या बसवायच्या, की पुढची बाजू पाच सेंटिमीटर वर येते. दोन शनिवार मी जॅक, स्टँड आणि भाड्याने आणलेले पाने घेऊन गाडीखाली पडलो होतो. काम झाल्यावर हाताला लागलेलं ग्रीस मी मुद्दाम लगेच धुतलं नाही. वडिलांना फोटो पाठवला. त्यांनी अंगठा पाठवला.

आता मुद्द्याचा प्रश्न. एखादी वस्तू माझी आहे म्हणजे नेमकं काय आहे? आणि ती माझी असेल तर मी तिचं काहीही करावं का?

जुन्या ट्रकांचे चाहते पहिल्या प्रश्नाचं उत्तर चटकन देतात. जे समजतं, उघडता येतं, दुरुस्त करता येतं ते आपलं. १९८० च्या दशकातलं २.४ लिटरचं चार सिलिंडरचं इंजिन माणूस एका शनिवार-रविवारात ओळखू लागतो. आजच्या ट्रकमध्ये डझनावारी छोटे संगणक आहेत, ते एकमेकांशी बोलत असतात, आणि त्या बोलण्यात मालकाला भाग नाही. ही तक्रार निव्वळ स्मरणरंजनाची नाही. १९९८ च्या अमेरिकन कॉपीराइट कायद्याने डिजिटल कुलूप तोडणं बेकायदा ठरवलं. तो कायदा गाणी आणि चित्रपट डोळ्यांसमोर ठेवून केलेला होता, पण त्याच्या कक्षेत गाडीचं इंजिन चालवणारं सॉफ्टवेअरही आलं. स्वतःच्या गाडीतलं किंवा ट्रॅक्टरमधलं सॉफ्टवेअर दुरुस्तीसाठी उघडण्याची सूट मालकांना मिळाली ती २०१५ साली, रीतसर मागावी लागून. मॅसेच्युसेट्स राज्यातल्या मतदारांनी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये गाडी दुरुस्तीच्या हक्काच्या बाजूने कौल दिला. दोनदा द्यावा लागला, कारण दरम्यान गाडीची माहिती बिनतारी मार्गाने परस्पर कंपनीकडे जायला लागली होती.

मी या बाजूचाच माणूस. तरी एक गोष्ट मला टोचत होती. त्या बंद खोक्यांमध्ये आहे तरी काय? शेजाऱ्यांच्या ट्रकमध्ये एअरबॅग नाही. ओल्या वळणावर गाडी घसरू लागली तर एकेका चाकाला वेगळा ब्रेक लावून तिला सावरणारी यंत्रणा नाही. ती इथल्या नव्या गाड्यांना २०१२ च्या मॉडेलपासून सक्तीची झाली. मागे वळताना मूल दिसावं म्हणून लावलेला कॅमेरा नाही, तो २०१८ च्या मेपासून सक्तीचा. माझ्या ट्रकच्या काचेमागे एक कॅमेरा आणि पुढच्या जाळीमागे एक रडार आहे. समोर माणूस आला आणि मी ब्रेक दाबला नाही तर गाडी आपण होऊन ब्रेक मारू बघते. धुरातून काय बाहेर पडतं यावर सतत पाळत ठेवणारे सेन्सर आहेत. जुन्या ट्रकच्या मोकळेपणात धूर शुद्ध करणारा डबा कापून टाकण्याचं स्वातंत्र्यही होतं, आणि ते अनेकांनी वापरलं.

म्हणजे बंद खोक्यांचे दोन प्रकार आहेत. काही कंपनीच्या फायद्यासाठी बंद आहेत. सुटा भाग बदलला तरी तो कंपनीच्या यंत्राने 'ओळखून' घेतल्याशिवाय चालत नाही, असे. आणि काही इतरांसाठी बंद आहेत. रस्त्यावरचा माणूस, मागच्या गाडीतलं मूल, हवा. कटकट अशी की दोन्ही प्रकारच्या खोक्यांना कुलूप सारखंच असतं, आणि पहिलं कुलूप टिकवायला दुसऱ्याचं कारण पुढे केलं जातं. मी स्वतः कुलपं लिहितो, त्यामुळे ही युक्ती मला ओळखीची आहे. 'सुरक्षेच्या कारणास्तव' हे वाक्य आम्ही फार स्वस्तात वापरतो.

इथवर माझा विचार नीटनेटका होता. पहिल्या प्रकारची कुलपं उघडावीत, दुसऱ्या प्रकारची राहू द्यावीत. माझ्या चकत्या तर कुठल्याच कुलपाला हात लावत नव्हत्या. त्या माझ्या गाडीवर, माझ्या पैशांनी, माझ्या हातांनी बसवलेल्या होत्या. हौसेला मोल नसतं म्हणतात.

ऑक्टोबरमधल्या एका संध्याकाळी शहराच्या पश्चिमेला टेकड्यांकडून परत येत होतो. हौद्यात शेकोटीची लाकडं भरलेली होती. अरुंद रस्ता, नुकताच पडलेला अंधार. समोरून एक सायकल येत होती, तिचा बारीक दिवा दिसला. आम्ही जवळ आलो तसा तो दिवा डगमगला, रस्त्याच्या कडेच्या खडीत गेला आणि खाली पडला.

मी थांबलो, धावत गेलो. पन्नाशीच्या बाई होत्या. मनगट धरून बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मला काहीच दिसलं नाही. तुम्ही हाय बीमवर होतात." आणि मी काय केलं? मी त्यांना ट्रकपाशी नेऊन डॅशबोर्ड दाखवला. बघा, लो बीमच आहे. निळा दिवा लागलेला नाही. त्यांनी बघितलं, मान हलवली आणि चक्क माझी माफी मागितली.

त्यांच्या यजमानांनी येऊन त्यांना दवाखान्यात नेलं. मी नंबर दिला होता. दोन दिवसांनी निरोप आला, मनगटाला बारीक तडा गेला आहे, सहा आठवडे पट्टी, काळजी करू नका. तक्रार नाही, पोलीस नाहीत. कायद्याच्या नजरेत काहीच घडलं नव्हतं.

रविवारी वडिलांचा फोन आला तेव्हा मी जरा वळसा घेऊनच सांगितलं. एक बाई सायकलवरून पडल्या, मी मदत केली, वगैरे. पलीकडे दोन सेकंद शांतता. मग ते म्हणाले, "पुढनं उचललीस ना गाडी? मग फोकस पाडलास का खाली?"

मी म्हणालो, "म्हणजे?"

"अरे, भिंतीसमोर गाडी लावायची, फोकस किती वर पडतो ते बघायचं, स्क्रू फिरवायचा. पुढचे पाटे बदलले की पहिलं काम ते. आगारात नवीन पोरालासुद्धा सांगावं लागायचं नाही."

फोन ठेवल्यावर मी कागद घेतला. माझ्या ट्रकच्या पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर साधारण ३.२४ मीटर आहे. पुढची बाजू पाच सेंटिमीटर उचलली तर गाडीचा कल बदलतो जेमतेम ०.९ अंशाने. हे काहीच नाही असं वाटतं. पण ३० मीटरवर त्या कलामुळे प्रकाश ४६ सेंटिमीटर वर जातो, शिवाय दिवाच पाच सेंटिमीटर वर चढलेला. मिळून अर्धा मीटर. त्यात हौद्यात लाकडं, म्हणजे मागची बाजू दबलेली आणि नाक आणखी वर. जो झोत रस्त्यावर पडायला हवा तो समोरच्याच्या डोळ्यांत. डॅशबोर्डवरचा निळा दिवा खरंच लागलेला नव्हता. मी खोटं बोललो नव्हतो. मी त्या बाईंना एक खरी गोष्ट दाखवून चुकीचं पटवून दिलं होतं, आणि त्यांनी माफी मागितली ती मी घेतलीही होती.

गणित दहावीच्या त्रिकोणमितीचं होतं. ते न करण्याला अज्ञान म्हणता येणार नाही. गाडी कशी दिसेल याचे फोटो मी सहा महिने बघत होतो, आणि समोरून कशी दिसेल हे एकदाही मनात आलं नाही.

माझ्या कामात फाइलच्या परवानग्यांची एक जुनी पद्धत आहे, युनिक्सची. प्रत्येक फाइलसाठी तीन रकाने: मालक, मालकाचा गट, आणि इतर. या तिन्हींसाठी परवानग्या वेगळ्या नोंदवाव्या लागतात. तिसरा रकाना रिकामा सोडता येत नाही. काहीच द्यायचं नसेल तर तसंही लिहावं लागतं, शून्य. गाडी घेताना, कागदांवर सह्या करताना, चकत्या बसवताना तो तिसरा रकाना माझ्या समोर आलाच नाही. मालकीचा विचार मी आणि वस्तू अशा दोघांतलं नातं म्हणून करत होतो. खरं तर वस्तू माझी असते ती इतरांच्या मधोमध. कुंपण माझं असतं तेव्हाही त्याची पलीकडची बाजू शेजाऱ्यालाच रोज बघावी लागते.

यावर जॉन स्टुअर्ट मिलचं उत्तर तयार आहे. १८५९ च्या 'ऑन लिबर्टी'मध्ये त्याने मांडलेलं तत्त्व असं, की दुसऱ्याला इजा होत नाही तोवर माणसाला आडवू नये. त्या मापाने माझा रॅक चालेल, माझ्या पाठीला त्रास देणारी सीट चालेल, चकत्या चालणार नाहीत. बऱ्याच ठिकाणचे कायदे याच दिशेने जातात. नॉर्थ कॅरोलायनाने २०२१ मध्ये पुढून उंच आणि मागून बसक्या केलेल्या गाड्यांवर बंदी घातली. भारतात तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मुळे नोंदणीत लिहिलेल्या मूळ स्वरूपात फेरफार करायलाच मज्जाव आहे, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं. पुण्यातला माझा मावसभाऊ त्यावर चिडलेला असतो. त्याला तिथे करता येत नाही ते मला इथे करता येतं, याचा मला एके काळी अभिमान होता.

पण मिलच्या मापात माझं समाधान होत नाही. कारण ते गृहीत धरतं की गाडी कारखान्यातून निष्पाप बाहेर पडते आणि पाप मालक करतो. शेजाऱ्यांचा ट्रक साधारण साडेचार मीटर लांब, १.७ मीटर रुंद, वजन बाराशे किलोच्या आसपास. माझा ५.४ मीटर लांब, १.९ मीटर रुंद, वजन दोन टन, आणि याला 'मध्यम' म्हणतात. गंमत म्हणजे हौदा त्यांचा लांब आहे. हे वाढलेलं अंग फक्त गिऱ्हाइकांच्या हौसेतून आलेलं नाही. परदेशातून येणाऱ्या हलक्या ट्रकांवर १९६४ पासून २५ टक्के कर आहे, तो युरोपने अमेरिकन कोंबड्यांवर लावलेल्या कराचा बदला म्हणून बसवला होता आणि कोंबड्या विसरल्या गेल्या तरी राहिला. इंधन बचतीचे नियम गाडीच्या चार चाकांमधल्या क्षेत्रफळाशी जोडले गेले, मोठ्या गाडीला सवलत जास्त. छोटे पिकअप बाजारातून गेले. फोर्डचा छोटा रेंजर २०११ मध्ये इथे बंद झाला, २०१९ मध्ये परत आला तो मध्यम होऊन.

आणि या वाढीची किंमत रस्त्यावर चालणारे देतात. इथल्या महामार्ग सुरक्षेच्या विमा संस्थेने २०२३ मध्ये जवळपास अठरा हजार अपघात तपासले. ४० इंचांहून उंच बॉनेटच्या गाडीखाली पादचारी मरण्याची शक्यता ३० इंचांच्या आतल्या, उतरत्या बॉनेटच्या गाडीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. अमेरिकेत २००९ साली सुमारे ४१०० पादचारी मेले, २०२२ साली ७५०० हून अधिक. ही सगळी वाढ ट्रकांमुळे झाली असं मी म्हणत नाही, पण काहीही फेरफार न केलेला माझा ट्रकसुद्धा या हिशोबाच्या बाहेर नाही. काहीच न बदलणारा मालकदेखील कंपनीने केलेली निवड स्वतःच्या सहीने आपली करत असतो. तेव्हा 'जशी आली तशी वापरतो' हा हात झटकण्याचा मार्ग मला मोकळा नाही.

गांधीजींनी मालकाला विश्वस्त व्हायला सांगितलं होतं. ते संपत्तीविषयी होतं, आणि कारखानदारांना उद्देशून. शाळेत शिकताना मला तो शब्द भाबडा वाटायचा. आता त्यातली एक व्यवहाराची अट दिसते. विश्वस्ताला हिशोब द्यावा लागतो. आणि हिशोब द्यायचा तर आधी वही उघडता यायला हवी.

इथे माझी जुनी तक्रार वेगळ्या बाजूने परत येते. दिव्याचा फोकस मला दुरुस्त करता आला कारण त्याला एक साधा स्क्रू आहे. भिंत, चिकटपट्टी, मोजपट्टी, स्क्रूड्रायव्हर. वीस मिनिटं. पण काचेमागच्या त्या कॅमेऱ्याचं काय? गाडीचा कल ०.९ अंशाने बदलला तेव्हा त्याची नजरही बदलली. तो आता माणसाला वेळेवर ओळखतो की नाही? डॅशबोर्डवर कुठलाही इशारा आलेला नाही. मला तपासायचं कसं ते माहीत नाही, आणि माहीत झालं तरी त्यासाठी लागणारं यंत्र आणि सॉफ्टवेअर माझ्याकडे नाही. मी एका वर्कशॉपला फोन केला. ते म्हणाले, फेरफार केलेल्या गाडीचं कॅलिब्रेशन आम्ही करत नाही. दुसऱ्याने विचारलं, "काही लाल दिवा लागलाय का? नाही ना? मग कशाला काळजी करता?"

म्हणजे रस्त्यावरच्या माणसाला माझी गाडी बघते की नाही, याची जबाबदारी माझी आणि ते कळण्याची सोय दुसऱ्याकडे. दुरुस्तीचा हक्क मालकाच्या स्वातंत्र्यासाठी हवा असं मी इतकी वर्षं म्हणत आलो. आता मला वाटतं, तो त्या सायकलवरच्या बाईंसाठीही हवा. जी वस्तू मला तपासता येत नाही तिच्याबद्दल मी त्यांना काय उत्तर देणार? डॅशबोर्ड दाखवणार, दुसरं काय. तेच मी त्या संध्याकाळी केलं होतं.

यातून जुना ट्रक बरा असा निष्कर्ष निघत नाही. शेजाऱ्यांना त्यांच्या गाडीबद्दल सगळं माहीत आहे आणि तरी ती वळणावर घसरली तर त्यांना सावरणारं कुणी नाही. माझी गाडी त्यांच्या गाडीपेक्षा हजार गोष्टी जास्त जाणते, फक्त मला सांगत नाही. यातलं एक निवडायची वेळ आपल्यावर का यावी, हा प्रश्न खरं तर माझ्यासारख्यांनी, कुलपं लिहिणाऱ्यांनी, ऑफिसात विचारायचा आहे. मी गेल्या महिन्यात एका बैठकीत विचारला. कोणाला ही माहिती दिसू नये हे आपण लिहिलंय, कोणाला ती दिसायलाच हवी हे कुठे लिहिलंय? चांगला मुद्दा आहे, पुढच्या तिमाहीत बघू, असं ठरलं.

चकत्या मी काढल्या. बसवायला दोन शनिवार लागले होते, काढायला एक पुरला. शेजारी खुर्ची घेऊन बसले होते, अधूनमधून पाना हातात द्यायचे. गाडीचं नाक पुन्हा खाली आलं, आणि खरं सांगायचं तर ती आता मला तितकी देखणी वाटत नाही. संध्याकाळी गॅरेजच्या दारासमोर ती लावून दिव्यांची उंची पुन्हा मोजली. एकदा रिकाम्या हौद्याने आणि एकदा लाकडं भरून. फोटो वडिलांना पाठवला, दारावरच्या झोताचा.

त्यांचं उत्तर आलं, "डावा अजून अर्धा इंच वर आहे."